थंडीचा ताळेबंद

लग्नसराईत आचाऱ्याच्या मांडवामागे कधी डोकावून पाहिले आहे? भट्ट्या फुरफुरत असतात, आचारी घामाने निथळत असतो, आणि या साऱ्या आगीला इंधन पुरवणारा सिलिंडर मात्र माघातल्या पहाटेसारखा गारठलेला असतो. अंगावर दव सुटलेले, बुडाशी बर्फाचा पांढरा पापुद्रा. थोड्या वेळाने जाळ मंदावतो. मग आचाऱ्याचा पोऱ्या घमेल्यात कोमट पाणी आणतो, सिलिंडर त्यात उभा करतो आणि जाळ पुन्हा उसळतो. प्रकार धोक्याचाच, पण त्यामागचे शास्त्र पोऱ्याने अनुभवाने ओळखलेले असते. ज्याच्या जिवावर आग पेटायची, त्यालाच आधी ऊब द्यावी लागते.

सिलिंडरमध्ये असतो तो द्रव आणि भट्टीला हवा असतो वायू. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, किलोमागे साधारण ३७० किलोज्यूल. घरच्या शेगडीला गॅस इतका हळू लागतो, की ही उष्णता सिलिंडर आजूबाजूच्या हवेतून गुपचूप उचलतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण चार भट्ट्या मिळून तासाला चार किलो गॅस ओढू लागल्या, की सतत चारशे वॉट उष्णता आत जावी लागते. तेवढी हवेतून मिळत नाही. मग द्रव आपल्याच अंगातली ऊब मोडून खातो आणि गारठत जातो. आपल्याकडच्या माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. झिरपलेले पाणी वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते.

माझा या विषयाशी एरवी संबंध येण्याचे कारण नव्हते. बँकेत माझी बरीचशी नोकरी विहिरी, पाइपलाइन, संकरित गायी यांची कर्जप्रकरणे तपासण्यात गेली, आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पण आमच्या पारनेरला शेजारी एक तरुण अभियंता राहतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्याच्या कारखान्यात भट्टीसाठी टँकरने एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू आणण्याचा विचार चालला होता. एका संध्याकाळी तो कागद घेऊन आला.

“काका, तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्ट खूप वाचलेत. यातलं काय सुटलंय ते बघा.”

“अरे, मला त्यातलं शास्त्र काय कळणार?”

“शास्त्र मी सांगतो. तुम्ही जमाखर्च बघा.”

तो जमाखर्च आम्ही चार-पाच संध्याकाळी पाहिला. त्यातून जे हाती लागले ते कारखान्यापुरते नव्हते, म्हणून लिहितो आहे.

एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होते. सहाशे खोल्यांचा ऐवज एका खोलीत. म्हणूनच तो जहाजात भरून समुद्रापार नेता येतो. मात्र ही घडी घालायला पैसा पडतो. एक टन वायूचा द्रव करायला आधुनिक कारखान्यातही साधारण अडीचशे ते साडेतीनशे युनिट वीज लागते. मग तो हजारो मैल प्रवास करून आपल्या किनाऱ्याला येतो, आणि इथे त्याची घडी पुन्हा उलगडायची. म्हणजे पुन्हा उष्णता.

किती? आमच्या अभियंत्याने वहीत दोन रकमा मांडल्या. पहिली, उणे १६२ अंशांच्या द्रवाचा उणे १६२ अंशांचाच वायू करण्याची. मिथेनला त्यासाठी किलोमागे ५१० किलोज्यूल लागतात. दुसरी, हा गारठलेला वायू उणे १६२ पासून १५ अंशांपर्यंत तापवण्याची. म्हणजे १७७ अंश, दर अंशाला सरासरी २.१ किलोज्यूल धरले तर ३७२. एकूण झाले ८८२. विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, तेव्हा एका टनामागे सुमारे २४५ युनिट. प्रत्यक्षातल्या एलएनजीत थोडा इथेन, थोडा प्रोपेनही असतो. कुठल्या खाणीचा माल आहे त्यावर आकडा जरा इकडे-तिकडे सरकतो. पण अंदाजाला हा पुरेसा आहे.

यातली पहिली रक्कम गमतीची आहे. ५१० किलोज्यूल घातले, तरी तापमापक जागचा हलत नाही. उणे १६२ चे उणे १६२ च. अठराव्या शतकात, १७६० च्या सुमारास, ग्लासगोला जोसेफ ब्लॅक नावाच्या प्राध्यापकाने हे कोडे सोडवले. बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना उष्णता आत जाते पण तापमान वाढत नाही, हे त्याने मोजून दाखवले आणि या लपलेल्या उष्णतेला नाव दिले. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. मला ती मुदत ठेवीसारखी वाटते. चालू खात्याच्या पासबुकात दिसत नाही, पण कुठे गेलेलीही नसते. वायूचा पुन्हा द्रव केला की पै न पै परत मिळते. तापमापक म्हणजे फक्त चालू खाते. त्यावर भरवसा ठेवून हिशेब करणारा माणूस निम्म्याहून जास्त रक्कम विसरतो, कारण ८८२ मधले ५१० त्याच्या पासबुकात कधी उमटतच नाहीत.

दुसरा धडा मुद्दल आणि हप्ता यांचा. किलोमागे ८८२ हे झाले मुद्दल. पण यंत्र विकत घेताना विचारायचे असते ते हप्त्याचे. तासाला किती वायू हवा? त्या कारखान्याची गरज तासाला ५०० किलो धरली होती. म्हणजे तासाला चार लाख ४१ हजार किलोज्यूल, सतत सुमारे १२२ किलोवॉट. घरातल्या पाणी तापवायच्या साठ मोठ्या गिझरांची ताकद अखंड चालू ठेवावी लागेल. कर्ज किती यापेक्षा हप्ता झेपेल का, हे शेतकऱ्याला जसे आधी पाहावे लागते तसेच हे. लग्नातल्या सिलिंडरचे मुद्दल ठीक असते. त्याला हप्ता झेपत नाही, म्हणून तो गारठतो.

मग ही १२२ किलोवॉट उष्णता आणायची कुठून? इथे मी बँकेतल्या सवयीने विजेच्या बिलाचा आकडा मांडायला लागलो. अभियंता हसला. म्हणाला, “काका, वीज कशाला? वारा आहे की.”

आणि ते खरेच होते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे वाहते. तिला आपली थंडी-ऊब कळत नाही. डिसेंबरात पारनेरच्या पठारावर पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, आपण शेकोटीपुढे बसतो. पण उणे १६२ अंशांच्या द्रवाला तीच पहाट १७० अंशांनी गरम आहे. पाण्याच्या पातेल्याखाली २७० अंशांचा तवा असावा, तसे. तेव्हा करायचे एवढेच, की ॲल्युमिनियमच्या उंच नळ्यांना पंखांसारख्या पट्ट्या जोडून त्या उघड्यावर उभ्या करायच्या, आतून एलएनजी सोडायचा आणि बाहेरून वारा फिरू द्यायचा. ना ज्वाळा, ना बिल. वाऱ्याची ऊब फुकट.

फुकट हा शब्द ऐकला की बँकवाल्याचे कान टवकारतात. मी विचारले, यात गोम कुठे आहे? गोम पाण्याची होती. हवेत बाष्प असते. ते त्या नळ्यांवर बसते आणि तिथेच गोठते. गोठताना स्वतःची अप्रकट उष्णता देऊन जाते, म्हणजे सुरुवातीला फायदाच. पण तासा-तासाने बर्फाचे आवरण जाड होत जाते. बर्फ हा उष्णतेचा वाईट वाहक. नळ्यांनी जणू गोधडी पांघरली. वायू पुरेसा तापत नाही. मग पुढच्या साध्या पोलादी नळापर्यंत अतिथंड वायू पोहोचला तर तो नळ काचेसारखा ठिसूळ होऊन तडकू शकतो. म्हणून असे दोन संच ठेवतात. एक राबतो तेव्हा दुसरा उन्हावाऱ्यात वितळत बसतो. शिवाय थंडीच्या रात्रींसाठी पाठीशी एखादा छोटा हीटर आणि वायू फार गार झाला तर आपोआप बंद होणारी झडप. कोरड्या हवेत बर्फ कमी साचतो, भर पावसाळ्यात जास्त. म्हणजे फुकटच्या उबेचा हिशेब मांडायचा तर हवेतल्या ओलीचाही मांडावा लागतो. आमच्या अवर्षणग्रस्त तालुक्याला कोरड्या हवेचा फायदा झाल्याचे हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे!

हाच हिशेब आता मोठा करून पाहू. त्यासाठी सुप्याहून सह्याद्री उतरून कोकणात, गुहागर तालुक्यात जायला हवे. वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेलच्या कड्यावर, दाभोळचा वीज प्रकल्प आणि त्याला लागून एलएनजी टर्मिनल आहे. वर्षाला ५० लाख टन ही त्या टर्मिनलची आखलेली क्षमता. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. अशा टर्मिनलवर द्रव आधी पंपाने प्रचंड दाबाला नेतात आणि मग तापवतात, कारण पुढे शेकडो किलोमीटरच्या वाहिनीत तो ढकलायचा असतो. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचा उकळबिंदू जसा वर सरकतो तसा इथेही सरकतो. आणि ४६ वातावरणांच्या पुढे तर मिथेनला उकळणे हा प्रकारच राहत नाही. द्रव कधी संपला आणि वायू कधी सुरू झाला हे सांगताच येत नाही. तेव्हा तिथे ५१० अधिक ३७२ अशी बेरीज न करता आरंभीची आणि अखेरची शिल्लक यांतला फरकच घ्यावा लागतो. तो किलोमागे सुमारे ७७० किलोज्यूल येतो. वर्षभर अखंड चालले तर सेकंदाला १५८ किलो एलएनजी, म्हणजे सतत सुमारे १२० मेगावॉट उष्णता.

ही ऊब समुद्राकडून घ्यायची ठरवली आणि पाणी पाच अंशांनीच गार करून परत सोडायचे म्हटले, तर सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फिरवावे लागेल. पारनेरकराच्या भाषेत सांगायचे तर तासाला दोन हजारांहून जास्त टँकर. वायूचाच थोडा भाग जाळून ऊब करायची म्हटले, तर शंभरातला दीड भाग जातो. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ५० लाख टनांवर तो वर्षाला पाऊण लाख टन होतो. बँकेत व्याजदराच्या अर्ध्या टक्क्यासाठी तासन्‌तास घासाघीस करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हा दीड टक्का समजावून सांगावा लागणार नाही. तिसरा मार्ग हवेचा. गुजरातमध्ये दहेजला २००४ मध्ये देशातला पहिला एलएनजी उतरला. त्या टर्मिनलवर हवेतल्या उबेचा उपयोग करून घेतात.

दाभोळची कहाणी आपल्याला वेगळ्या कारणांनी पाठ आहे. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा उभा राहिला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. एलएनजी दुसऱ्या टप्प्यात यायचा होता. २००१ मध्ये वीज मंडळाने महागडी वीज घेणे थांबवले, डिसेंबरात एन्रॉनचे अमेरिकेत दिवाळे वाजले आणि टर्मिनल अर्धवट उभे राहिले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या भागीदारीतून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी निघाली, आणि टर्मिनलवरून वायू प्रत्यक्षात वाहू लागला तो २०१३ मध्ये. त्यानंतरही अनेक वर्षे समुद्रातली लाटरोधक भिंत अपुरी असल्यामुळे पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नसत, आणि आखलेल्या क्षमतेचा मोठा भाग कागदावरच राही.

त्या वर्षांत आम्हा बँकेतल्या लोकांच्या जेवणाच्या डब्यांभोवती एन्रॉनखेरीज विषय नसे. पण बोलणे सारे दराचे, डॉलरचे, राजकारणाचे. तांत्रिक भाग आला की ‘ते तज्ज्ञ बघतील’ म्हणून पान उलटले जाई. अपवाद होता तो पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा. गिरीश संत आणि शंतनू दीक्षित या तरुण अभियंत्यांनी तो करार घेऊन बसून त्यातले आकडे उलगडले आणि सामान्य वीजग्राहकावर त्याचा किती बोजा पडेल हे मांडून दाखवले. गणित ही मूठभरांची मक्तेदारी नव्हे, ते कोणालाही करून पाहता येते, एवढी गोष्ट त्यांनी सिद्ध केली. मला ती फार मोठी वाटते.

आणि पारनेरच्या माणसाला ती परकी वाटू नये. सेनापती बापट याच गावचे. १८८० साली त्यांचा जन्म इथे झाला. अभियांत्रिकी शिकायला ते एडिंबरोला गेले. जोसेफ ब्लॅकही ग्लासगोनंतर तिथेच शिकवत असे. १९२१ मध्ये टाटांच्या मुळशी धरणात मावळ्यांच्या जमिनी बुडू लागल्या, तेव्हा हाच माणूस शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि सेनापती ठरला. धरण विजेसाठी होते, वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी. प्रकल्पाच्या हिशेबात पाणी होते, यंत्रे होती, मजुरी होती. मावळ्याच्या भातखाचराला मात्र त्याच्या दृष्टीने खरी किंमत लिहिलेली नव्हती. दाभोळच्या वेळी वेलदूरच्या मच्छीमारांनी विरोध केला, त्यांचेही म्हणणे याच जातीचे होते. वीजकेंद्र समुद्रात कढत पाणी सोडणार, मग खाडीतल्या मासळीचे काय? खाडी कोणाच्याच ताळेबंदात नव्हती, म्हणून ती फुकट होती.

इथे मला त्या १२० मेगावॉटकडे परत यायचे आहे. दाभोळच्या वीजकेंद्राची क्षमता सुमारे १९६७ मेगावॉट. असे वायूवर चालणारे केंद्र उत्तम चालले तरी इंधनातली निम्मी उष्णताच विजेत उतरते, बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर जाते. पूर्ण भारावर ही वाया जाणारी उष्णता सतराशे-अठराशे मेगावॉटच्या घरात भरेल. म्हणजे कुंपणाच्या एका बाजूला ऊब फेकून द्यायची अडचण आणि दुसऱ्या बाजूला ऊब हवी. दोघांनी देवाणघेवाण केली तर एकाचे पाणी कमी तापते आणि दुसऱ्याचा खर्च वाचतो. वीजकेंद्र आणि टर्मिनल शेजारी बांधण्यातले शहाणपण हेच. पण शेजार कामी यायला दोघे एकाच वेळी जागे असावे लागतात. हे वीजकेंद्र वायूअभावी वर्षानुवर्षे एक तर बंद राहिले किंवा अंशतः चालले. २०१५ नंतर काही वर्षे त्यातून रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट वीज जात होती, तेवढाच त्याचा संसार. शेजाऱ्याच्या चुलीवर आपला भात शिजवायचा बेत ठीक आहे, पण शेजाऱ्याची चूल पेटली पाहिजे.

आता खात्याची दुसरी बाजू. आपण आतापर्यंत एलएनजीला किती ऊब द्यावी लागते ते मोजले. पण दुहेरी नोंदीच्या पद्धतीत प्रत्येक नावेला एक जमा असते. एलएनजीने ८८२ किलोज्यूल घेतले, याचाच अर्थ कोणीतरी तेवढे गमावले, म्हणजे तेवढी थंडी कोणाला तरी मिळाली. ती वाऱ्याला मिळाली तर वाया गेली. पण ती दुधाला मिळाली तर?

पारनेर तालुका दुधाचा आहे. जिरायत शेतीला हाच जोडधंदा, आणि कित्येक घरांत हाच मुख्य. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर धारोष्ण दूध येते आणि ते पस्तीस अंशांवरून चार अंशांवर आणायला बल्क कूलर घरघरत असतात. वीज गेली की जनरेटर, जनरेटर बिघडला की नासलेले दूध. मी अभियंत्याला म्हणालो, मांड बरे. लिटरभर दुधाला सुमारे १२५ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. तासाला ५०० किलो एलएनजी उलगडताना जी थंडी सुटते, तिच्यात तासाला साडेतीन हजार लिटर दूध गार होईल!

क्षणभर मला वाटले की मोठाच खजिना सापडला. पण प्रकल्प अहवाल वाचायची एक सवय असते, खजिना दिसला की खुर्ची मागे सरकवून पुन्हा बेरीज करायची. बल्क कूलर एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता दुधातून बाहेर काढतो. त्या हिशेबाने साडेतीन हजार लिटर दुधामागे वाचेल ती वीज तासाला चाळीसएक युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर सव्वातीनशे रुपये. तेवढ्यासाठी कारखान्यापासून दूध केंद्रापर्यंत थंड द्रवाच्या आच्छादित नळ्या, मध्ये उष्णता बदलणारी यंत्रे, सुरक्षेची अंतरे. शिवाय दूध येते सकाळ-संध्याकाळ आणि भट्टी चालते रात्रंदिवस. कर्ज मंजूर करताना मी या प्रस्तावावर आधी जागेवर जाऊन पाहावे असा शेरा मारला असता. दूध केंद्र कारखान्याच्या भिंतीला लागून असेल तर विचार करावा. पाच किलोमीटरवर असेल तर फाइल बंद.

मग थंडी वायाच घालवायची? नाही. चूक दुधाची आहे, थंडीची नाही. उणे १६२ ची थंडी चार अंशांसाठी वापरणे म्हणजे सोन्याची मोहर देऊन चहा पिण्यासारखे. ही खोल थंडी आहे, ती खोल कामाला लावायची असते. असे काम आमच्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचे आहे. गावात कृत्रिम रेतन करणारा येतो, त्याच्या मोटारसायकलला एक बुटके ॲल्युमिनियमचे भांडे बांधलेले असते. झाकण उघडले की पांढरे धुके. त्यात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात बुडवलेल्या बारीक नळ्यांत वळूचे वीर्य. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ संस्था काढली. तिच्यासारख्या संस्थांच्या कामातून संकरित गायी खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि त्यांच्याबरोबर हे भांडेही. मी ज्या गायींना कर्जे दिली त्यांच्या वासरांचा जन्म या थंडीतून झालेला आहे. हवेतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढून द्रव करायला भरपूर वीज लागते, आणि तिथेच एलएनजीची थंडी मोलाची ठरते. १९६९ पासून एलएनजी आयात करणाऱ्या जपानने हे केव्हाच ओळखले. तिथे काही टर्मिनलांना लागून हवेचे घटक वेगळे करणारे कारखाने आणि गोठवलेल्या मालाची शीतगृहे आहेत. परदेशात वीज खर्चून मालात जी थंडी भरली गेली, तिची किंमत मालाच्या दरात आपण मोजलेलीच असते. जपानी माणूस ती वसूल करून घेतो. आपण तिचा बहुतेक भाग वाऱ्यावर आणि पाण्यावर सोडतो.

हा दर काही कमी नाही. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर २०२२ मध्ये जगाच्या बाजारात एलएनजीचे भाव असे भडकले, की आपल्याकडच्या अनेक कारखान्यांनी तो घेणे कमी केले. एवढ्या महाग मालाबरोबर येणारी थंडी फुकट समजून टाकून देणे हे कोणत्याही काटकसरी घरात बसणारे नाही. भाजी निवडताना देठ कोणते टाकायचे आणि कोणते आमटीत घालायचे हे आपल्या आया-बहिणींना कोणी शिकवले नव्हते.

आमच्या शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने दुष्काळातून स्वतःला वर काढले हे सर्वांना माहीत आहे. पण मला त्या गावाची सगळ्यात आवडलेली गोष्ट डोंगरावरचे चर किंवा बंधारे नाहीत. ती आहे पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस किती पडला, मुरला किती, माणसांना-जनावरांना किती लागेल, हे ग्रामसभेत मांडले जाते आणि त्यावरून पुढच्या हंगामात कोणते पीक घ्यायचे ते ठरते. भूगर्भातले पाणी एके काळी पारनेर-नगरच्या पट्ट्यातही फुकट होते. विहिरीच्या कर्जाच्या अर्जात खोदाईचा खर्च असे, मोटारीचा असे, बांधकामाचा असे. पाण्याचा रकानाच नसे. फुकटच्या वस्तूला रकाना कशाला? पाहता पाहता विहिरी तळाला गेल्या, आणि जे कधी लिहिलेच नव्हते ते संपल्याची नोंदही कुठे झाली नाही.

वाऱ्याची ऊब पाण्यासारखी संपणार नाही, हे खरे. एलएनजीच्या नळ्यांनी पारनेरचा वारा गार होऊन कोणाची ज्वारी जळणार नाही. पण जे फुकट मिळते ते मोजायचे नाही, आणि जे मोजले नाही ते फेकून द्यायचे, ही सवय तीच आहे. विहिरीच्या बाबतीत तिने पाणी खाल्ले, मुळशीत भातखाचरे खाल्ली, खाडीच्या बाबतीत मासळी धोक्यात घातली आणि एलएनजीच्या बाबतीत ती विकत घेतलेली थंडी खाते.

त्या कारखान्याच्या अहवालात शेवटी काय झाले, असे कोणी विचारील. वाऱ्यावर चालणारे दोन संच ठरले. बर्फ वितळून जे पाणी गळेल ते गटारात न सोडता टाकीत घेऊन आवारातल्या झाडांना द्यायचे, एवढी एक ओळ अभियंत्याने स्वतःहून वाढवली. आणि खर्चाच्या तक्त्यात एक नवा रकाना आला, ‘वातावरणातून घेतलेली उष्णता: १२२ किलोवॉट, किंमत: शून्य’. त्याच्या साहेबांनी विचारले, म्हणे, किंमत शून्य आहे तर ओळ कशाला? तो म्हणाला, आज शून्य आहे, पण ओळ असू द्या. पुढे कोणाला ती थंडी वापरावीशी वाटली तर किती आहे हे तरी कळेल.